चांगुलपणाची किंमत कोणी द्यावी?

दसरा उलटला म्हणजे परभणी, मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड ह्या गावांच्या रस्त्यांवर कापसाने भरलेल्या गाड्या दिसू लागतात, आणि त्यांच्यासमवेत दोन शब्दही मोंढ्यात हिंडू लागतात. शेतकरी आडत्याच्या पेढीकडे पाहून ‘भांडवलशाही’ म्हणतो. आडत्या सरकारी खरेदी केंद्राकडे पाहून ‘समाजवाद’ म्हणतो. आणि दोघेही ते शब्द शिवीच्या अर्थाने योजितात. ज्या दोन विचारांवर गेल्या दोनशे वर्षांत मोठमोठे ग्रंथ झाले, राज्यक्रांत्या झाल्या, त्यांचा आमच्या बाजारात एवढाच उपयोग उरावा, की एकाने दुसऱ्याचे तोंड बंद करावे, ही गोष्ट कोणाही विचारी मनुष्यास खेदाचीच वाटेल. आज आम्ही ह्या विषयाकडे वळत आहो, पण अर्थशास्त्राच्या ग्रंथांच्या वाटेने नव्हे. आकड्यांच्या रांगेत माणूस सहज हरवतो. नाटकात त्यास उभे राहून बोलावे लागते, आणि बोलू लागला म्हणजे त्याची अडचणही उघडी पडते.

हा प्रश्न मराठी रंगभूमीस नवा आहे असे नाही. मामा वरेरकरांनी १९३० नंतरच्या दशकात ‘सोन्याचा कळस’ लिहून गिरणीमालक आणि कामगार ह्यांस नाटकगृहात समोरासमोर आणले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभारले, आणि तमाशाच्या ढोलकीवर शेटजी, सावकार व पुढारी ह्यांचा पंचनामा गावोगाव मांडला. ह्या दोन्ही प्रयत्नांचे मोल मोठे आहे. परंतु त्यांत मालक एका बाजूस व मजूर दुसऱ्या बाजूस असल्यामुळे प्रेक्षकास आपली जागा निवडणे सोपे जाते, आणि बहुतेक प्रेक्षक आपणांस सज्जनांच्याच रांगेत बसवून घरी जातात. आम्ही ज्या नाटकाचा विचार करू इच्छितो ते ही सोय ठेवीत नाही. त्यात शोषण करणारा व शोषण सोसणारा हे दोघेही एकाच देहात राहतात.

हे नाटक जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त ह्याचे. १८९८ मध्ये जन्मलेला हा लेखक १९३३ मध्ये हिटलरच्या हाती सत्ता जाताच देश सोडून निघाला, आणि परागंदा स्थितीत त्याने सेत्झुआनच्या भल्या बाईचे हे नाटक रचिले. त्याचा पहिला प्रयोग १९४३ मध्ये स्वित्झर्लंडातील झुरिक येथे झाला. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी त्यास ‘देवाजीने करुणा केली’ हे रूप दिले. लहानपणी शाळेत पाठ केलेल्या कवितेची आठवण देणारे हे नाव ठेवण्यात माडगूळकरांचा मर्मज्ञपणा दिसतो. कारण देवाजीने केलेली करुणा मनुष्यास पुरते की नाही, हाच ह्या नाटकाचा प्रश्न आहे. पुढील कथा आम्ही मूळ नाटकातील नावांनीच सांगतो.

तीन देव पृथ्वीवर एक तरी भला माणूस सापडतो का हे पाहण्यास येतात. सेत्झुआन शहरात वांग नावाचा पाणीविक्या त्यांच्यासाठी दारोदार रात्रीचा आसरा मागतो, पण एकही दार उघडत नाही. अखेरीस शेन ते नावाची एक वेश्या त्यांस घरात घेते. सकाळी निघताना देव तिला भले राहण्याचा उपदेश करितात. ती विचारते, सारे इतके महाग असता भले राहावे कसे? देवांस उत्तर सुचत नाही. ते तिला हजारांहून अधिक चांदीची नाणी देतात, आणि आपण पैशाच्या व्यवहारात पडलो हे कोणास कळू नये म्हणून संकोचतात. त्या पैशांतून शेन ते तंबाखूचे लहानसे दुकान घेते.

येथून जे घडते ते आमच्या व्यापारी वाचकांस कोणी समजावून सांगावयास नको. दुकान उघडले नाही तोच आठ माणसांचे एक कुटुंब आश्रयास येऊन बसते. कोणी तांदूळ मागतो, कोणी फुकट तंबाखू मागतो. घरमालकीण आगाऊ भाडे मागते. फळ्या ठोकून देणारा सुतार आपल्या शंभर नाण्यांसाठी दारात उभा राहतो. भल्या बाईचे दुकान आठ दिवसही टिकणार नाही हे दिसू लागते. तेव्हा शेन ते एक युक्ती करिते. पुरुषाचा वेष व मुखवटा घालून ती आपलाच चुलतभाऊ शुई ता बनून येते. हा भाऊ मुळीच भला नाही. तो आश्रितांस पोलिसांच्या हवाली करितो, आणि सुतारास सांगतो, की ह्या फळ्यांचे वीस नाणी देईन, नको असतील तर उचलून ने. सुतार हतबल होतो. कारण फळ्या ह्याच दुकानाच्या मापाने कापलेल्या, दुसरीकडे त्यांचा उपयोग शून्य. तो वीस नाणी घेतो.

पुढे शेन ते यांग सुन नावाच्या एका बेकार वैमानिकावर जीव लाविते. तो तिच्या पैशांवर डोळा ठेवतो. ती गरोदर राहते. एके दिवशी एक उपाशी पोर उकिरड्यात अन्न शोधताना तिला दिसते. ते त्याच सुताराचे पोर असते. ते पाहून तिच्या मनात काय यावे? आपल्या पोटच्या मुलावर ही पाळी येऊ द्यायची नाही, एवढेच तिच्या मनात येते. आणि त्या मुलासाठी ती पुन्हा शुई ता होते, ह्या वेळी कायमची म्हणावी अशी. शुई ता तंबाखूचा कारखाना काढतो, यांग सुनला मुकादम करितो, आणि कालपर्यंत शेन तेच्या दारी भात खाणारी माणसे आता त्या कारखान्यात राबू लागतात. शेवटी शुई ताने शेन तेचा खून केला असा संशय येऊन खटला उभा राहतो. न्यायासनावर तेच तीन देव बसलेले असतात. सारे लोक बाहेर गेल्यावर शुई ता मुखवटा काढतो, आणि आपण एकाच वेळी दुसऱ्याचे व स्वतःचे भले करू शकलो नाही, असे देवांस सांगतो. देवांस हे ऐकावयाचे नसते. त्यांस भला माणूस सापडला, तेवढे पुरे. महिन्यातून एकदा त्या भावाचा उपयोग करण्यास मुभा देऊन ते गुलाबी ढगावर बसून स्वर्गास निघून जातात. मग एक नट पुढे येतो, आणि ह्या नाटकाचा शेवट आम्हांस सापडला नाही, तुम्हीच शोधा, अशा अर्थाचे सांगून प्रेक्षकांस निरोप देतो.

हे नाटक साम्यवादी मताचा प्रचार आहे, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे. ब्रेख्त मार्क्सचा अनुयायी होता हे खरे, व त्याने ते कधी लपविले नाही. परंतु नाटक वाचणाऱ्याच्या हे ध्यानात येईल की, व्यापारी म्हणजे दुष्ट, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. शुई ता जन्मतः कठोर नाही. त्याच्या मुखवट्याआड असलेले हृदय आईचे आहे. सुताराच्या पोराला उकिरड्यावर आणणारा सौदा आणि त्या पोराला पाहून कळवळणारी आई ही दोन्ही एकाच स्त्रीची रूपे आहेत, हे ह्या नाटकाचे खरे भयंकर सत्य आहे. ‘लेकराबाळांसाठी करावे लागते’ हे वाक्य आमच्या बाजारात किती वेळा ऐकू येते! ते बहुतेक वेळा खरे असते. आणि ते खरे असते म्हणूनच त्याचा परिणाम दुसऱ्याच्या लेकराबाळांवर होतो.

आता मोंढ्याकडे वळू. जिंतुराच्या डोंगराकडील एखादा कोरडवाहू शेतकरी गाडीभाडे देऊन कापूस घेऊन येतो. बियाणे, खत व औषध ह्यांची उधारी डोक्यावर, मुलीचे लग्न किंवा पोराची फी समोर. ढिगात हात घालून ओल आहे, कवडी आहे, असे म्हणून भाव पाडला जातो. क्वचित ठिकाणी लिलावात एक भाव ठरतो आणि गाडी जिनिंगवर पोहोचल्यावर दुसरा सांगितला जातो. शेतकऱ्यास पटत नसेल तर त्याने कापूस परत न्यावा, कोणी अडविले आहे? कोणी नाही. पण परतीचे भाडे कोण देणार, आणि घरात दाणे ठेवावयास जागा नसता हा कापूस कोठे भरणार? त्या सुताराच्या फळ्या दुकानाच्या मापाने कापल्या होत्या. आमच्या शेतकऱ्याचा कापूस त्याच्या गरजेच्या मापाने वेचलेला असतो. कायद्याच्या दृष्टीने सौदा खुषीचा, आणि वास्तविक पाहता एका बाजूस निवडच उरलेली नाही, अशी ही स्थिती आहे.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धे सांगणे होईल. हाच शेतकरी आपल्या रानात वेचणीस आलेल्या बाईस किलोमागे किती देतो? बाजार पडला की पहिली कात्री तिच्या मजुरीस लागते. कारण तिचे पोट रोजचे, तिला थांबता येत नाही. आणि हाच आडत्या किंवा जिनिंगवाला आपल्यापेक्षा मोठ्या गिरणीपुढे उभा राहतो तेव्हा त्याची रुईही नमुन्यात कमी भरते, पैसे महिनोगणती अडकतात, बँकेचे व्याज चालू राहते, आणि भाव तर दूर अमेरिकेतील वायदेबाजारात ठरलेला असतो. ह्याप्रमाणे सुतार आणि शुई ता ह्यांची एक लांबलचक साखळीच तयार होते. तीत प्रत्येकजण वरच्यापुढे सुतार व खालच्यापुढे शुई ता असतो. आता समजा, ह्या साखळीतील एखाद्या सज्जन आडत्याने ठरविले की, आपण कडता धरणार नाही, ठरला भाव मोडणार नाही, रोख पैसे देऊ. त्याचे कौतुक होईल, आणि हंगाम संपण्यापूर्वी शेजारचा पेढीवाला त्याचे गिऱ्हाईक घेऊन जाईल. कारण कडता धरणारा गिरणीस स्वस्त माल देऊ शकतो. चांगुलपणाची सारी किंमत एकट्या चांगल्या माणसाने द्यावी, अशी ही रचना आहे. व्यापारी जेव्हा म्हणतो की दुकान म्हणजे धर्मशाळा नव्हे, तेव्हा तो खोटे बोलत नाही. तो शेन तेचाच अनुभव सांगत असतो.

मग समाजवादी म्हणेल, की दुकानच खाजगी नको. हा उपाय केवळ पुस्तकात राहिलेला नाही. आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच कापसावर, तो महाराष्ट्राने करून पाहिला आहे. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७१ मध्ये कायदा झाला, आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकावा, सरकारने तो हमी भावाने घ्यावा, पिंजून, दाबून, गाठी करून विकावा, आणि नफा झाला तर तो शेतकऱ्यास परत द्यावा, ही तिची कल्पना. मध्ये काही खंड व फेरबदल होत ही योजना सुमारे तीस वर्षे चालली. तिचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. मंदीच्या वर्षी शेतकऱ्याच्या पाठीशी कोणी तरी उभे होते. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याच्या जुन्या चालीतून त्याची सुटका झाली. काही वर्षी वाढीव रकमाही हाती आल्या.

तथापि मुखवटा येथेही चढला. केंद्रापुढे गाड्यांच्या रांगा लागत आणि शेतकरी थंडीत कापसावर निजून आपल्या पाळीची वाट पाहत. प्रतवारी ठरविणाऱ्या नोकराच्या बोटांत आता पूर्वीच्या दलालाची सत्ता आली. पैसे हप्त्यांनी मिळत, व गरजवंतास तेवढा धीर नसल्यामुळे तो आपला माल कमी भावाने दुसऱ्याच्या नावे घालण्यास देई; ह्या तक्रारी कापूस पिकविणाऱ्या प्रत्येक जिल्ह्यात सर्वपरिचित होत्या. शेजारच्या राज्यात भाव जास्त असेल त्या वर्षी शेतकऱ्याने आपलाच कापूस हद्दीपार नेला तर तो गुन्हा ठरे; इकडचा भाव जास्त असेल त्या वर्षी बाहेरचा कापूस आत शिरे आणि तोटा सरकारच्या माथी बसे. तो तोटा वाढत गेला, आणि २००२ च्या सुमारास एकाधिकार संपून खाजगी व्यापाऱ्यास वाट मोकळी झाली. दुकान सरकारी झाल्याने शुई ता नाहीसा होत नाही. ग्राहकास दुसरे दुकानच उरले नाही म्हणजे तो अधिक निर्धास्त होतो, एवढे ह्या प्रयोगाने शिकविले.

ह्या वादाच्या दोन्ही बाजू परभणीने आपल्या अंगणात ऐकलेल्या आहेत, ही गोष्ट आमच्या तरुण वाचकांनी स्मरणात ठेवण्याजोगी आहे. १९८४ मध्ये शेतकरी संघटनेचे अधिवेशन ह्याच गावी भरले. सरकारच शेतकऱ्याच्या मालाचा भाव पाडते, त्यास बाजाराचे स्वातंत्र्य द्या, दयेची भीक नको, घामाचे दाम द्या, हा शरद जोशी ह्यांचा आग्रह होता. पुढे अकरा वर्षांनी, १९९५ मध्ये, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले, आणि त्याचे अध्यक्षस्थान नारायण सुर्वे ह्यांस मिळाले. मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेले, गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले, स्वतः हलकीसलकी कामे करून शिकलेले, आणि मार्क्सशी आपले नाते उघडपणे सांगणारे हे कवी होते. एकाने शेतकऱ्याच्या मालाला बाजार मागितला, दुसऱ्याने श्रमणाऱ्या माणसाला शब्दांत मानाची जागा मागितली. वरवर पाहता दोघे दोन ध्रुवांवर दिसतात. परंतु दोघांचीही तक्रार एकाच गोष्टीबद्दल होती: जो राबतो त्याला सौद्याच्या वेळी थांबण्याची ताकद नसते. परभणीने दोघांसही ऐकण्यास गर्दी केली. त्या दोघांच्या बोलण्यातून आपण आपल्या मोंढ्यासाठी काय घेतले, हा प्रश्न मात्र आम्हांस स्वतःस विचारावा लागेल.

एकाधिकार गेल्यावर बाजार मोकळा झाला, पण शेतकरी मोकळा झाला असे म्हणवत नाही. त्याच २००२ साली बीटी कापसाच्या बियाण्यास देशात परवानगी मिळाली. बोंडअळीचा काही काळ बंदोबस्त झाला, पीक वाढले, आणि त्याबरोबर कोरडवाहू रानात गुंतणारी रक्कमही वाढली. पाऊस हुकला की ती सारी रक्कम बुडते. विदर्भाप्रमाणे मराठवाड्यातही आत्महत्यांचे सत्र सुरू झाले, आणि ज्या घरातील कर्ता गेला त्या घरातील बाईस सावकार व बँक ह्यांच्यापुढे एकटीने उभे राहावे लागले. भारतीय कापूस महामंडळ हमी भावाने खरेदी करिते हे खरे; पण ओलाव्याची अट, केंद्राचे अंतर, आणि २०२५ पासून भ्रमणध्वनीवरील नोंदणी, ह्या पायऱ्या चढता चढता गरजू मनुष्य पहिल्या भेटणाऱ्या गिऱ्हाइकास माल देऊन मोकळा होतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले, व ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. सूतगिरण्यांची व कापड धंद्याची अडचण खरी असेल. परंतु ती दूर करण्याचा भार नेमका हंगामाच्या तोंडावर कापूस पिकविणाऱ्यावर यावा, हे पाहून त्या नाटकातील सुताराची आठवण होणे अपरिहार्य आहे.

तर मग करावे काय? आमचे असे स्पष्ट मत आहे की, ‘भांडवलशाही की समाजवाद’ हा प्रश्न मोंढ्याच्या दारात ज्या रूपाने विचारला जातो ते रूपच चुकीचे आहे. विचारावयाचा प्रश्न हा की, ज्या नियमामुळे भल्या माणसास भलेपणा परवडेल असा नियम कोणता? अशा नियमाचे एक उत्तम उदाहरण ह्याच महाराष्ट्रात, ह्याच मोंढ्यातील पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत, घडलेले आहे. हमाल आज ह्या पेढीवर, उद्या त्या पेढीवर काम करितो; सबब त्याचा मालक कोणीच नाही, त्यास रजा नाही, निर्वाहनिधी नाही, म्हातारपणी आधार नाही, अशी स्थिती होती. एखाद्या दयाळू शेटजींनी आपल्यापुरता जास्त पैसा दिला तरी भार त्यांच्यावरच पडे. अण्णासाहेब पाटील ह्यांच्यासारख्यांनी चालविलेल्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कामगारांचा कायदा झाला. कामगार, व्यापारी व सरकार ह्या तिघांचे मंडळ, त्यात हमालाचीही नोंद व व्यापाऱ्याचीही नोंद. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील ठराविक आकार मंडळात भरावा, मंडळाने हमालास मजुरी, निधी, उपदान द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. येथे व्यापार खाजगीच राहिला. हमाल सरकारी नोकर झाला नाही. पण दयाळू शेटजी व कंजूष शेटजी ह्या दोघांसही आकार सारखाच भरावा लागू लागला, आणि दया करणारा स्पर्धेत मागे पडेनासा झाला. ह्या कायद्यातही दोष शिरले, नोंदणी चुकविणारे निघाले, त्याच्या नावावर दांडगाई करणारेही निघाले, हे आम्ही जाणतो. तरीही त्यामागील तत्त्व अढळ आहे.

तेच तत्त्व कापसाच्या सौद्यास लावावे, अशी आमची सूचना आहे. बाजाराच्या नियमनाचा कायदा आपणांकडे नवा नाही; वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्येच नियंत्रित बाजार सुरू झाला होता, निजामाच्या राज्यात १९३० मध्ये असा कायदा झाला, आणि महाराष्ट्रात १९६३ चा कायदा आहे. उणीव आहे ती त्याच्या अंमलाची. पहिली गोष्ट, बोली उघड व्हावी, ठरलेला भाव चिठ्ठीवर लिहिला जावा, आणि जिनिंगच्या दारात तो मोडणाऱ्याचा परवाना बाजार समितीने तोंड न पाहता थांबवावा. दुसरी, मापाच्या दिवशीच पैसे खात्यात जमा व्हावेत; उधार घेणाऱ्याने व्याज द्यावे. तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, शेतकऱ्यास थांबण्याची ताकद द्यावी. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. सोयाबीन, तूर, हरभरा ह्यांसारखा माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने मिळू शकते. सरकीसकट कापूस गोदामात ठेवणे कठीण. तो जागा फार अडवितो व त्यास आगीचे भय आहे. परंतु पाचपंचवीस शेतकऱ्यांनी मिळून कापूस पिंजून गाठी बांधून घेतल्या, तर गाठी ठेवता येतात, आणि वखारीच्या पावतीवर कर्ज मिळण्याची सोय २००७ च्या कायद्याने केलेली आहे. सुताराच्या फळ्या दुसऱ्या दुकानातही बसतील अशी तजवीज झाली, की वीस नाण्यांचा सौदा आपोआप बंद पडतो. चौथी गोष्ट शेतकऱ्याने करावयाची आहे. वेचणीचा दर हंगामाच्या आरंभीच गावाने मिळून ठरवावा व तो बाजार पडला तरी मोडू नये. जो न्याय आपण पेढीवर मागतो तो बांधावर नाकारण्याचा अधिकार कोणासही नाही.

व्यापारी वर्गास आमची विशेष विनंती आहे. ह्या नियमांस आपले शत्रू समजू नका. मोंढ्यात प्रामाणिक पेढ्या आहेत, पिढ्यान्पिढ्यांचा शब्द पाळणारी घराणी आहेत, आणि कडत्याच्या स्पर्धेत सर्वांत जास्त नुकसान त्यांचेच होते. सर्वांस सारखा लागू होणारा नियम हा प्रामाणिक व्यापाऱ्याचा खरा मित्र होय. तो मागण्यास शेतकऱ्याच्या आधी व्यापाऱ्यानेच पुढे यावे.

ब्रेख्तच्या नाटकातील देव पैसे देऊन, उपदेश करून, ढगावर बसून निघून गेले. आमच्या ह्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईने ज्या देवाचे वर्णन केले तो असा नव्हता. दासीच्या जात्यापाशी बसून त्याने तिच्याबरोबर दळण दळले, अशी तिची साक्ष आहे, आणि ती साक्ष सातशे वर्षे बायांनी जात्यावर गायिली आहे. करुणा म्हणजे कामाचा भार वाटून घेणे, हा अर्थ परभणीच्या मातीत परका नाही. ह्या हंगामात मोंढ्यात पहिली बोली पुकारली जाईल त्या वेळी बाजार समितीने, आडत्यांनी आणि शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून वरील चार गोष्टींपैकी निदान पहिल्या दोन अमलात आणण्याचा ठराव करावा. त्यास ना राज्यक्रांती लागते, ना तिजोरीतून पैसा लागतो. ते करण्यास उशीर झाला तर त्याचा हिशेब, नेहमीप्रमाणे, सुताराच्या पोरास द्यावा लागेल.